चार लिटरांतली तूट

थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यावर काम करणारी माणसं बोटांवरून ओळखू येतात. पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग नखांच्या कडेने बसतात आणि साबणाला जुमानत नाहीत. हातमोजे असले तरी ते बदलताना कुठून तरी लागतंच. गावाकडे विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, तीच ही. ते हात घेऊन गोव्यातल्याच साखळी गावी मावशीकडे गेले, तर तिने आधी मेंदीची चौकशी केली. खरं काय ते कळल्यावर म्हणाली, "अगो, रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हणजे बाँबातलंच ना ते? आणि त्या हातांनी पोळ्या लाटणार तू?"

तिला हिशेबच सांगितला. मी ज्या चार लिटर पाण्यावर काम करते, त्यात थोरियमचे मिनिटाला जेमतेम नऊ-दहा अणू फुटतात. मावशीच्या स्वतःच्या अंगात, नुसत्या पोटॅशियममुळे, सेकंदाला चारेक हजार. हे नैसर्गिक आहे, पृथ्वी झाली तेव्हापासूनचं, आणि समुद्राच्या प्रत्येक घोटात आहे. तिला कितपत पटलं कोण जाणे, पण पोळ्या मीच लाटल्या.

मी वास्कोत राहते. इथल्या सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, खाडीपलीकडे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. ध्रुवाशी गोव्याचं नातं जुनं आहे. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली. दक्षिणी महासागराच्या भारतीय मोहिमा २००४ पासून सुरू झाल्या. अशाच एका मोहिमेत मला थोरियमचं काम मिळालं. ते पाणी भरण्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत कसं होतं, ते लिहिते आहे, कारण बाहेर कुणाला सांगायला गेलं की गाडी बर्फ आणि पेंग्विन यांच्यापुढे सरकत नाही.

प्रश्न असा आहे. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, दक्षिणेकडच्या थंड पाण्यात वनस्पतिप्लवकं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतात आणि हवेतून पाण्यात आलेला कार्बन अंगात घेतात. त्यातला बराचसा वरच्या वरच खाल्ला जातो, कुजतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. काही भाग मात्र मेलेल्या पेशी, विष्ठेच्या गोळ्या, चिकट पुंजके अशा रूपाने खाली बुडतो. तो किती? समुद्रात कणांचा पाऊस पडतो आहे आणि तो मोजायचा आहे. खाली सापळे टांगून मोजता येतो, पण वरच्या थरात प्रवाहामुळे सापळ्यात नेमकं किती शिरलं आणि किती बाजूने वाहून गेलं, याचा भरवसा नसतो.

इथे युरेनियम-२३८ कामी येतं. ते समुद्रात विरघळलेलं असतं, लिटरमागे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, सुमारे ४.४७ अब्ज वर्षं, त्यामुळे त्याला घाई नाही. ते फुटून थोरियम-२३४ होतं, अर्धायुष्य २४.१ दिवस. दोघांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. युरेनियम पाण्यात खुशाल विरघळून राहतं. थोरियमला पाण्यात राहणं सोसत नाही, दिसेल त्या कणाला ते चिकटतं. कण बुडाला की तेही बुडालं. वर नळ ठरावीक धारेने चालू असलेली टाकी भरायला हवी त्यापेक्षा रिकामी दिसली, तर तळाच्या भोकातून किती गळतंय हे भोक न बघताही सांगता येतं. तसंच हे. युरेनियम किती ते ठाऊक, म्हणून थोरियम किती असायला हवं तेही ठाऊक. कमी भरलं तेवढं कणांबरोबर खाली गेलं. आमचं सगळं काम त्या तुटीसाठी.

ही युक्ती परदेशातून आलेली नाही, हे मला फार उशिरा कळलं आणि बरं वाटलं. समुद्रातल्या थोरियम-२३४ आणि युरेनियम-२३८ यांच्या प्रमाणावरचा पायाभूत निबंध १९६९ सालचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भट, कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, रामा आणि त्यांच्यासोबत विलर्ड मूर असे त्याचे लेखक. पुढे मूर यांनी रेडियम पकडायला मँगनीजचा मुलामा दिलेला धागा वापरात आणला, तो आज जगभर वापरतात. आम्हीही.

तर तयारी. हात बसावा म्हणून सुरुवातीला झुआरीच्या मुखाजवळचं पाणी आणून त्यावर सराव केला. पावसानंतरचं ते पाणी म्हणजे निव्वळ गाळ. फिल्टर दोन-चार मिनिटांत चोंदायचा, आणि चिकटायला इतके कण असल्यावर पाण्यात थोरियम उरणार कुठून? आकडा म्हणून तो सराव निरुपयोगी, पण बाटल्या, पंप, आम्ल यांच्यातून हात न अडखळता फिरायला लागले. माझं मत विचाराल तर ध्रुवीय मोहिमेला जाणाऱ्या प्रत्येकाने आधी नदीच्या गढूळ पाण्याशी झटावं. नंतर निळं पाणी सोपं जातं.

रेडियमचा धागा मात्र इथूनच करून न्यावा लागतो. पांढरा अ‍ॅक्रिलिकचा धागा, कापसासारखा पिंजलेला. तो परमँगनेटच्या गरम द्रावणात बुडवायचा. आधी तो तांबूस होतो, मग तपकिरी, मग काळाभोर. तापमानावरची नजर हलता कामा नये, फार तापलं तर धाग्याचा लगदा होतो. काळा झाला की उपसायचा, धुवायचा, पिळायचा, पुन्हा धुवायचा, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत. संध्याकाळी मोरी अशी दिसते की सफाईला येणाऱ्या बाईंची माफीच मागावी लागते. हा धागा नळकांड्यात भरून त्यातून समुद्राचं पाणी अगदी सावकाश सोडलं की रेडियम त्यावर अडकतं.

रेडियम आणि थोरियम दोन्ही कशाला, असं विचारतात. दोघांचे प्रश्न वेगळे. रेडियम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या गाळातून पाण्यात येतं, म्हणून हे पाणी जमिनीजवळून आलं का आणि कधी आलं, ते रेडियम सांगतं. रेडियम-२२४ चं अर्धायुष्य ३.६६ दिवस, २२३ चं ११.४ दिवस, २२८ चं पावणेसहा वर्षं. किती जुनी गोष्ट विचारायची त्यावर घड्याळ निवडायचं. आर्क्टिकमध्ये निम्म्याहून अधिक समुद्र उथळ किनारी पट्ट्यांवर आहे, त्यामुळे तिथे रेडियम-२२८ भरपूर. मध्य आर्क्टिकच्या वरच्या पाण्यात ते २००७ ते २०१५ या काळात जवळजवळ दुप्पट झाल्याचं मोजलं गेलं आहे. किनारी पट्ट्यांवरचं बर्फाचं छत्र कमी झालं, लाटा गाळ ढवळू लागल्या, असा त्याचा अर्थ लावतात. अंटार्क्टिकाभोवती चित्र उलटं. जमीन दूर, पाणी खोल, म्हणून रेडियम-२२८ इतकं थोडं की शेकडो लिटर पाणी धाग्यातून सोडावं लागतं.

जहाजावर चढल्यावर पहिले काही दिवस मी कुणाच्याच उपयोगाची नव्हते. चाळीस अंश दक्षिणेनंतर वारा जो लागतो तो थांबत नाही. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू दोरीने, रबराने, पट्टीने बांधलेली असते, खुर्चीसुद्धा. पाणी थंड होत जातं ते थर्मामीटरआधी चेहऱ्याला कळतं. ध्रुवाकडचं थंड पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याला भिडतं ती ध्रुवीय सीमा ओलांडली की हवेचा वासच बदलतो.

स्टेशनवर, म्हणजे नमुने घ्यायच्या ठरलेल्या जागी, जहाज थांबलं की क्षारता, तापमान आणि खोली मोजणारा सीटीडी खाली जातो, भोवती पाणी भरून आणणाऱ्या निस्किन बाटल्यांचं कडं. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. पाणी डेकवर आलं की सगळे तुटून पडतात. पाण्यात विरघळलेले वायू मोजणारे आधी, त्यांचा मान पहिला, मग बाकीचे. माझा नंबर शेवटाकडे. चार लिटरांच्या बाटल्या काठोकाठ खुणेपर्यंत भरायच्या, बाटलीवर नंबर, खोली आणि वेळ लिहायची. ही वेळ घड्याळाच्या मिनिटासकट लिहावी लागते. बाटलीत थोरियम फुटत राहतं आणि युरेनियम नवं बनवत राहतं. पुढे रसायनं घालून थोरियम धरणारा साका पाडला आणि गाळला की युरेनियम पाण्याबरोबर निघून जातं, नवं बनणं थांबतं, उरतं ते फक्त फुटणं. दोन्ही वेळा माहीत नसतील तर मागे जाऊन हिशेब लावता येत नाही.

मग रसायन. आधी नायट्रिक आम्ल, म्हणजे चिकटलेलं थोरियम कणांवरून आणि बाटलीच्या भिंतीवरून सुटतं. त्यात मोजून थोरियम-२३० टाकायचं. हे थोरियम पुढच्या गळतीचा साक्षीदार. शेवटी ते जितकं हाती लागेल, त्या प्रमाणात बाकीचंही लागलं असं धरायचं. काही तास मुरू द्यायचं. नंतर अमोनियाने आम्लपणा मारून पाण्याचा पीएच आठच्या वर आणायचा, परमँगनेट आणि मँगनीज क्लोराइड घालायचं. परमँगनेटचे थेंब पडले की स्वच्छ पाण्यात गुलाबी रेघ उमटते, बाटली हलवली की पसरते, आणि मँगनीज मिसळलं की गुलाबी जाऊन पाणी चहाच्या पिवळट रंगावर येतं. हाच मँगनीज डायऑक्साइडचा साका. इतका थोडा असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. रात्रभर ठेवला की सगळं थोरियम त्यावर. सकाळी पंचवीस मिलिमीटरच्या क्वार्ट्झ फिल्टरवर गाळायचं, फिल्टर वाळवायचा. चार लिटर समुद्र आता रुपयाच्या नाण्याएवढ्या एका तपकिरी टिकलीत.

त्या टिकलीवर पातळ प्लॅस्टिकची फिल्म आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचे थर चढतात. थोरियम-२३४ स्वतः फुटताना फार दुबळे बीटा कण (इलेक्ट्रॉन) सोडतं. त्याचं मूल प्रोटॅक्टिनियम, अर्धायुष्य सव्वा मिनिटाच्या आतबाहेर, ते मात्र जोरकस बीटा सोडतं. कागद दुबळ्यांना अडवतो, जोरकस पलीकडे जातात, आपण तेच मोजतो. काउंटर शिशाच्या जाड कवचात असतो. शिसंही जुनं असेल तर सोनं, कारण नव्या शिशात लेड-२१० हे किरणोत्सारी शिसं असतं, त्याचं अर्धायुष्य बावीस वर्षं. बुडालेल्या जहाजांमधलं शेकडो वर्षांपूर्वीचं शिसं लोक जपून वापरतात ते यासाठी. नमुन्याच्या डोक्यावर आणखी एक डिटेक्टर बसवलेला असतो. आकाशातून येणारे वैश्विक किरण दोघांतून एकदम जातात, अशी नोंद यंत्र टाकून देतं. आमच्याकडे त्या वरच्या डिटेक्टरला सगळे राखणदार म्हणतात, आणि जहाजावर पहिला नमुना ठेवताना एकाने त्याला गमतीने नारळाची कबुलीही दिली होती.

मग वाट बघणं. मिनिटाला तीन-चार टिकटिक म्हणजे हजार नोंदी जमायला चार-पाच तास. हजार का, तर चूक नोंदींच्या वर्गमुळाने ठरते. हजाराला साधारण तीन टक्के. शंभरावर थांबलात तर दहा टक्के चूक, आणि कित्येकदा तूटच दहा-वीस टक्क्यांची असते. घाई करणाऱ्याच्या हाती नुसता धूर.

दीड हजार मीटरवरचे नमुने मी मुद्दाम घेतले होते. तिथे बुडणारे कण विरळ, म्हणून थोरियम आणि युरेनियम यांचे मिनिटाला फुटणारे अणू जुळायलाच हवेत. जुळले नाहीत तर दोष समुद्राचा नाही, आपल्या पद्धतीचा. ते आकडे पडद्यावर जुळलेले दिसले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं, तर चहा करायला आलेल्या, केबलचं विंच यंत्र चालवणाऱ्या दादांना पकडून सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे काही सापडलं नाही?" हो, नेमकं तेच, काही सापडलं नाही म्हणून आनंद. वरच्या शंभरेक मीटरांत मात्र तूट स्पष्ट होती, त्यातही जिथे पाणी हिरवट होतं तिथे जास्त.

बर्फाच्या काठाजवळ वेगळी सावधगिरी लागते. युरेनियम क्षारतेच्या प्रमाणात चालतं, म्हणून ते मोजत नाहीत, क्षारतेवरून काढतात. पण वितळलेल्या बर्फाचं पाणी वर तरंगतं, त्यात मीठ कमी, म्हणून युरेनियमही कमी. सगळीकडे एकच युरेनियम धरलं तर त्या पाण्यात खोटी तूट दिसेल आणि कार्बन बुडाला म्हणून शोधनिबंध छापून येईल. प्रत्येक नमुन्याची स्वतःची क्षारता हवीच.

मोहीम संपून गोव्यात परतलं तरी निम्मं कामही झालेलं नसतं. त्याच टिकल्या पाच-सहा महिन्यांनी पुन्हा मोजायच्या. तोवर थोरियमची सात अर्धायुष्यं उलटतात, शंभरातला एकही अणू धड उरत नाही. जे उरतं ते इतर मूलद्रव्यांचं आणि यंत्राचं. ते पहिल्या मोजणीतून वजा करायचं. तिकडच्या उन्हाळ्यात दक्षिणेला गेलेल्या मोहिमेची ही दुसरी मोजणी ऐन आषाढ-श्रावणात येते. गोव्याचा आषाढ म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओल. नमुने सिलिका जेलच्या बरणीत, निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा निळे, पुन्हा बरणीत. वीज गेली की यूपीएस किती तग धरेल यावर रात्र अवलंबून. खोली बंद राहिली की जमिनीतून आणि काँक्रीटमधून निघणारा रेडॉन साठतो, उघडी ठेवावी तर पाऊस आत. मी उघडझाप टाळून एसी चालू ठेवला आणि नमुना नसलेल्या रिकाम्या टिकल्यांची मोजणी मध्ये मध्ये घालत राहिले, म्हणजे खोलीचा स्वभाव बदलला तर कळेल.

नंतर टिकली मोडायची. इतके महिने जपलेला नमुना आम्लात विरघळवताना मन होत नाही, पण साक्षीदार थोरियम-२३० किती हाती लागलं ते वस्तुमान वर्णपटमापीशिवाय, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राशिवाय, कळत नाही. ते काम चतुर्थीच्या सुट्टीनंतर उरकलं.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, तर लोहाफेक्स हा प्रयोग आठवावा. २००९ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलरस्टर्न जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. प्रमुख होते इकडचे वाजिह नक्वी आणि तिकडचे व्हिक्टर स्मेटाचेक. लोह मिळालं की प्लवकं वाढतात आणि कार्बन बुडतो, हवामानबदलावर हा स्वस्त उपाय, अशी तेव्हा मोठी हवा होती. प्लवकं वाढलीही. पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून सिलिकाच्या जड कवचाची डायटम नावाची प्लवकं वाढू शकली नाहीत, आणि जे वाढलं त्यावर प्राणिप्लवकांनी ताव मारला. कार्बन खाली गेला का, हे ठरवायला जे पुरावे लावले त्यात थोरियमची तूट होती. ती पट्ट्याच्या आत वाढली नाही. हिरवं पाणी उपग्रहाला दिसतं, बुडलेलं काही दिसत नाही, म्हणून असले दावे तपासायला हा कंटाळवाणा आकडा लागतो.

तरीही थोरियमवरून कार्बनवर उडी मारताना माझा जीव धास्तावतो. तुटीवरून कळतं ते थोरियम किती बुडालं. त्याला गुणायचं ते बुडणाऱ्या कणांतल्या कार्बन आणि थोरियमच्या प्रमाणाने. ते प्रमाण काढायला पंप केबलवर बांधून शंभर मीटरवर सोडतात, तिथल्या तिथे शेकडो लिटर गाळतात, आणि ५३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीवर अडकलेले कण 'बुडणारे' मानतात. हे प्रमाण कणाच्या आकारागणिक, खोलीगणिक, जागेगणिक कित्येक पटींनी बदलतं. तूट तीन टक्क्यांपर्यंत नेमकी काढायची आणि मग अशा आकड्याने गुणायचं, यात मला अजून खटकतं. शिवाय वारा चढला की पंप सोडता येत नाहीत, म्हणजे जिथे तूट मोठी तिथेच प्रमाण नाही, असंही झालं.

आमच्या सरांचं म्हणणं, जग ५३ मायक्रॉनवर चालतं, तेच घ्या, नाहीतर कुणाशी तुलना करणार? माझं म्हणणं, दक्षिणेत लहान पेशीही पुंजक्यांनी बुडतात, त्यांचं प्रमाणही शेजारी द्या. यावर बैठका झाल्या, चहा झाला, एकदा थोडा आवाजही चढला. शेवटी अहवालात दोन रकाने गेले, आणि खाली कुठल्या स्टेशनला पंप सोडलेच नव्हते त्याची टीप.